चाले छे

निंबाआप्पांची शोकसभा सुरतेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झाली. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला एकेचाळीस पायऱ्या आहेत. लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, तिच्यात सतरंज्या आणि जुने बॅनर ठेवतात. आप्पा जिवंतपणी त्या हॉलमध्ये एकदाही आले नव्हते, कारण त्यांना ते शक्यच नव्हतं. आणि हे ठाऊक असलेली साठेक माणसं धापा टाकत वर चढून त्यांच्या फोटोसमोर बसली होती.

अध्यक्ष बोलले. ते कापडाची दलाली करतात आणि प्रत्येक शोकसभेत एकच भाषण करतात, फक्त नाव बदलतात. "आप्पांनी आयुष्यात कधी तक्रार केली नाही," ते म्हणाले. विमलवहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. लोकांना वाटलं, रडू आवरताहेत. मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखतो. त्या हसू आवरत होत्या.

तक्रार हा आप्पांचा रोजचा व्यायाम होता. शिळी तक्रार त्यांना खपत नसे; रोज ताजी लागे, आणि ती ते दाढी केल्यावर, इस्त्रीचा शर्ट घातल्यावरच करत.

अध्यक्ष पुढे म्हणाले, "शासनानेही अखेर त्यांची दखल घेतली." हे वाक्य खरं आहे. कशी घेतली, ते सांगायला मी तिथे उठलो होतो, पण दोन वाक्यं बोलून खाली बसलो. चाळीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवूनही मला सभेत बोलता येत नाही. लिहितानाही वेळ लागतो, पण लिहिताना कुणी घड्याळाकडे बघत नाही.

आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. लहानपणी तापात उजवा पाय गेला. गेला म्हणजे जागेवर राहिला, फक्त कामाचा राहिला नाही. विशीत ते मामाच्या मागोमाग सुरतेला आले आणि बमरोलीत आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत राहू लागले. त्यांची चालण्याची एक रीत होती. उजवा तळवा मांडीवर दाबायचा, मांडी मागे रेटायची, म्हणजे गुडघा कुलपासारखा बसतो. तेवढ्या वेळात डावा पाय पुढे टाकायचा. मग पुन्हा दाबायचं. प्रत्येक पाऊल असं हाताने टाकलेलं असे. त्यामुळे त्यांची प्रत्येक पॅन्ट एकाच ठिकाणी विरे, उजव्या मांडीवर, तळव्याएवढ्या जागेत. विमलवहिनी नवी पॅन्ट आणली की ती घालायला देण्याआधीच आतून तिथे ठिगळ लावत. नव्याकोऱ्या कापडाला पहिल्या दिवशी ठिगळ. ते ठिगळ मी नंतर एका सरकारी टेबलासमोर फार जवळून पाहिलं. अख्खं शहर कापडावर जगतं, पण त्या दिवशी त्या टेबलापलीकडच्या एकालाही ते कापड वाचता आलं नाही.

मदतीला आलेल्या माणसाला आप्पा म्हणत, "हात काढा, तोल जातो." हे खरंच होतं. धरलं की त्यांचा हिशोब चुके. पण लोकांना ते उद्धट वाटे, आणि लोकांना तसं वाटतं याचा आप्पांना मनापासून आनंद होई. त्यांना भेटणाऱ्या प्रत्येक माणसाची नजर आधी पायाकडे जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा माणसांना ते "पायपाहे" म्हणत. "आज एक पायपाह्या भेटला सर, दोन मिनिटं माझ्याशी बोलला, पण सगळं पायाशी. मी म्हटलं, तो बहिरा शे, जरा वर बोला."

माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलत, मी शिक्षक म्हणून. मध्येच 'शे' आणि 'माले' निसटत. राग आला की सगळी अहिराणी बाहेर येई आणि माझ्या मराठीला काही काम उरत नसे.

एकदा मंडळाने अपंगांना बूट वाटले. कुणा व्यापाऱ्याने आईच्या स्मरणार्थ दिले होते. कार्यक्रम मैदानात होता, म्हणून आप्पांना जाता आलं. त्यांना फोटोसाठी मधोमध उभं केलं आणि खोका हातात दिला. आत पांढरे, धावण्याचे बूट होते. आप्पांचा उजवा पाय डाव्यापेक्षा तीन नंबरने लहान होता. त्यांनी तिथेच खाली बसून डावा बूट घातला, नाडी नीट बांधली, उजवा खोक्यात ठेवला आणि खोका अध्यक्षांच्या हातात परत दिला. "हा तुमचा राहिला," म्हणाले. अध्यक्ष गोंधळून हसले. फोटो तसाच निघाला: अध्यक्षांच्या हातात एका बुटाचा खोका. शोकसभेत त्यांनी जुने फोटो पडद्यावर दाखवले, त्यात हा नव्हता.

आता त्यांच्या कामाविषयी. मागावरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की नव्या बीमचे हजारो धागे जुन्या धाग्यांच्या टोकांना एकेक करून जोडावे लागतात. याला सांधणी म्हणतात. बोटांना राख लावायची, दोन धागे चिमटीत धरायचे, पीळ, गाठ, पुढचे दोन. बसून करायचं काम. शहराबाहेर सचिन नावाचं गाव आहे, तिथल्या औद्योगिक वसाहतीत बारा मागांचा एक कारखाना होता, तिथे आप्पा हे काम करत. एका मागाकडून दुसऱ्याकडे जायला त्यांनी चार बेअरिंगच्या चाकांची फळी बनवली होती. जमिनीलगत बसून ते दोन मागांमधल्या अरुंद बोळातून इतक्या वेगाने जात की कारागीर पाय वर घेत. कारखान्यात ते अपंग नव्हतेच. तिथे उभी माणसं अडचण होती.

तरी शेठ त्यांना दर बीमला इतर सांधणाऱ्यांपेक्षा कमी देत असे. कारण विचारलं तर शेठ जीभ चावून, जणू वाईट शब्द उच्चारतोय अशा आवाजात म्हणे, "निंबाभाई, तमे तो जाणो छो ने." आप्पा जाणत होते. सांधणी बोटांनी होते, पण मजुरी पायाकडे बघून ठरते.

त्यांना अपंगांचं पेन्शन होतं. फार नव्हतं. लोकांना वाटतं, पेन्शन म्हणजे घरी बसून खाणं. आप्पा ते पैसे खात नव्हते, त्यात बसत होते. बमरोलीहून सचिनच्या फाट्यापर्यंत पासावर बस मिळे. फाट्यापासून आत कारखाना दोन किलोमीटर. तेवढ्या अंतरासाठी त्यांनी एक रिक्षा महिन्याने बांधली होती, आणि पेन्शन जवळजवळ तेवढंच होतं. पेन्शन आलं की ते सरळ रिक्षावाल्याला जाई. आप्पा कामावर पोचत ते त्या पैशांवर. हे गणित माझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलांनाही समजलं असतं.

मग नवी कार्डं काढायचा हुकूम आला. जुना दाखला चालणार नाही, सगळ्यांची पुन्हा तपासणी. आप्पांच्या जुन्या दाखल्यावर ऐंशी टक्के अपंगत्व लिहिलं होतं. "आता पुन्हा मोजणार," ते म्हणाले, "पाय वाढला की काय, बघताहेत." मी निवृत्त झालो होतो, गुजराती लिहिता-वाचता येतं, म्हणून सोबत गेलो. सरकारी दवाखान्यात आम्ही सकाळपासून बाकावर बसलो होतो. आप्पांनी फिकट निळा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. रांगेतला एक जण त्यांना म्हणाला, "काका, लग्नाला आलात का?" आप्पा म्हणाले, "मुलगी बघायला. टक्केवाली."

आमचा नंबर दुपारी आला. टेबलामागे फॉर्म भरणारा एक तरुण कर्मचारी होता. बाजूच्या दारातून डॉक्टर आत आले आणि आप्पा उठून उभे राहिले. टेबलाची कड धरून, मांडीवर हात दाबून, पण उभे. मोठा माणूस आला की उठायचं, हे त्यांना गावाकडे शिकवलं होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं. त्या कर्मचाऱ्याने मान वर न करता विचारलं, "केम काका, पग चाले छे ने?"

आता सुरतेत राहणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही, बाहेरच्याला सांगतो. त्याने विचारलं होतं, पाय चालतो ना. या शहरात कुणीही कुणालाही "केम चाले छे?" विचारतो आणि कुणीही "चाले छे" म्हणतो. धंदा बुडाला असेल, घरात कुणी आजारी असेल, तरी माणूस म्हणतो, चाले छे. म्हणजे निभतंय. म्हणजे तुम्ही विचारलंत, बरं वाटलं, आता आपल्या कामाला लागा. पस्तीस वर्षांत आप्पांनी हा शब्द हजारो वेळा उच्चारला असेल. चहावाल्याला, शेठला, बसच्या कंडक्टरला.

"चाले छे, साहेब," आप्पा म्हणाले.

कर्मचाऱ्याने लिहून घेतलं. चालतो.

डॉक्टरांनी गुडघ्याला दोन बोटं लावली, "बेसो" म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. सगळं मिळून इतकाच वेळ, जितक्यात आप्पा दहा-बारा गाठी मारत.

मी तिथे उभा होतो. दोन्ही भाषा मला कळतात. तेवढ्याच कामासाठी मला नेलं होतं. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, की साहेब, याचा अर्थ तो नाही. पण एका प्रौढ माणसाचं वाक्य चारचौघांत दुरुस्त करणं मला बरं वाटलं नाही. आप्पांनी दोनदा सभ्यपणा केला, एकदा मी केला. त्यानंतर काही शिल्लक राहण्यासारखं नव्हतं.

घरी येताना बसमध्ये त्यांनी पास दाखवून खिशात ठेवला. मग स्वतःशीच म्हणाले, "त्यानी पाय इचारा, मी तब्येत सांगी."

नवं कार्ड आलं. चकचकीत, फोटो रंगीत. टक्के इतके उतरले होते की पेन्शनच्या रेघेच्या खाली गेले. बसच्या पासाची रेघ मात्र त्याहून खाली होती, त्यामुळे पास राहिला. म्हणजे सरकार त्यांना फाट्यापर्यंत फुकट आणून सोडत असे, आणि तिथून पुढचे दोन किलोमीटर ते सरकारच्या मते धडधाकट होते. हे ठरवणाऱ्या माणसांना मी कधी पाहिलं नाही. ती कुठल्या तरी गार खोलीत बसत असतील, आणि तिथे लिफ्टही असेल.

ओळीतल्या एकाने आप्पांचं अभिनंदन केलं. "बरं झालं आप्पा, टक्का कमी झाला म्हणजे आजार कमी झाला." हा माणूस बारावी पास आहे. आप्पांनी त्याला घरात बोलावून चहा पाजला आणि विमलवहिनींना म्हणाले, "याच्या डोक्याचाही दाखला काढ. शंभर भरतील."

त्यांनी मग एक गोष्ट केली, जी फक्त त्यांनाच सुचू शकते. नवं कार्ड घेऊन ते शेठकडे गेले. कार्ड टेबलावर ठेवलं. म्हणाले, "शेठ, सरकारने मला बरा केला. शिक्का आहे. आता सांधणीचा भाव इतरांसारखा द्या." शेठने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मग तो हसला. बराच वेळ हसला, पाणी प्याला, आणि कार्ड परत देत म्हणाला, "निंबाभाई, सरकार आंधळी छे. हुं आंधळो नथी." आप्पा मला हे सांगताना त्याची तारीफच करत होते. "निदान त्याने पाय बघितला, सर."

मी अर्ज लिहायला लागलो. गुजरातीत, सुवाच्य अक्षरात, परिच्छेद पाडून. मला अर्ज चांगला लिहिता येतो असा माझा समज होता. तीन अर्ज केले. तिसऱ्या वेळी आम्ही दोघं कचेरीत गेलो. खिडकीमागचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने पंखा आमच्याकडे वळवला आणि आम्हाला तत्त्वज्ञान सांगितलं. म्हणाला, "पेन्शन बंध थाय ने, तो माणस कामे चढे." पेन्शन थांबलं की माणूस कामाला लागतो.

आप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, हुं तो पेन्शनमां बेसीने ज कामे जतो हतो."

पेन्शनमध्ये बसूनच कामाला जात होतो, हे कारकुनाला कळलं नाही. त्याला वाटलं, म्हातारा बरळतोय. आप्पा म्हातारे नव्हते. छप्पन वर्षांचे होते. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर आप्पांनी माझ्या दंडाला हात लावला. "राहू द्या सर. याला रिक्षा समजवायला रिक्षाच लागेल."

त्यानंतर कित्येक महिने ते चालले.

महिन्याची रिक्षा सोडली. कधी एखादा टेम्पोवाला थांबे, कधी कारखान्यातला कुणी गाडीवर घेई, पण आप्पांना उपकार घ्यायची सवय नव्हती आणि लोकांना रोज करायची. बहुतेक दिवस ते चालत. हाताने टाकलेली पावलं, दोन किलोमीटर, रासायनिक पाण्याच्या गटारीकडेने, ट्रकांच्या बाजूने. आधी बस साताची होती, मग सहाची धरायला लागले, मग त्याही आधीची. खांदा दुखायला लागला, कारण शरीराचं सगळं वजन त्या एका हातातून जात होतं. विमलवहिनी ठिगळं पूर्वी वर्षातून दोनदा बदलत, आता महिन्याला बदलू लागल्या. एकदा मला दारात थांबवून म्हणाल्या, "सर, कापड तरी बोलस. यासना तोंडमा काय भरेल शे कोण जाणे." त्यांना हे म्हणायचं होतं की आप्पांनी तक्रार करणं थांबवलं होतं. त्यांची खरी भीती ती होती.

मीही ते पाहिलं. माझी वाचून झालेली वर्तमानपत्रं मी त्यांना देत असे. पूर्वी त्यातली सरकारी जाहिरात ते मोठ्याने वाचून प्रत्येक वाक्याला उत्तर देत. "आपल्या दारी म्हणे. आमच्या दारी पायरी तुटेल शे, ती बघा आधी." आता पेपर घडीत राही.

चालून आलेल्या माणसाची बोटं लगेच कामाला लागत नाहीत. थरथरतात. आप्पा मागाजवळ बसून पहिला पाव तास हात मांडीखाली दाबून ठेवत. शिवाय उशीर होई. बीम संपून माग बंद पडला आणि सांधणारा वाटेत असला, तर माग उभा राहतो. शेठने काही महिने चालवून घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. मग एका शनिवारी म्हणाला, "निंबाभाई, हवे नहि चाले." आता नाही चालायचं.

त्या संध्याकाळी आप्पा माझ्याकडे आले. उंबऱ्यावर बसले. खुर्ची दिली तर म्हणाले, नको. खूप दिवसांनी त्यांच्या आवाजात जुनी धार होती.

"सर, तुम्ही व्याकरण शिकवलंत. एक प्रश्न आहे."

"विचारा."

"दवाखान्यात मी चालतो. कारखान्यात मी चालत नाही. पाय एकच. मग यात चूक कुणाची, क्रियापदाची की पायाची?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. ते हसले आणि म्हणाले, "नापास," आणि उठायला मांडीवर हात दाबला. दोनदा दाबावा लागला.

दुसरं काम त्यांनी शोधलं, असं कुणी समजू नये की बसून राहिले. कतारगामला हिऱ्याच्या एका कारखान्यात बसून करायचं काम आहे असं कळलं, तर तिथे जिना. पांडेसऱ्यात एका साड्यांच्या गोदामात रखवालदार हवा होता; मालक म्हणाला, पळता आलं पाहिजे. आप्पांनी विचारलं, "चोरामागे की चोरापुढे?" काम मिळालं नाही. एका ठिकाणी अपंगांसाठी राखीव जागा आहे म्हणून मी कात्रण नेऊन दिलं. तिथे त्यांना सांगितलं, तुमचे टक्के कमी आहेत. आणि त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, दुसऱ्या कामासाठी विचारलं तर सांगितलं, तुमचा पाय जास्त आहे. कुठल्याच खुर्चीला ते बरोबर मापाचे होत नव्हते.

शेवटी ते विमलवहिनींबरोबर घरी साड्यांचं काम करायला बसले. भरतकामाच्या साड्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने कापायचे. ओळीतल्या सगळ्या बायका करतात. "आयुष्यभर जोडले, आता कापतो," ते म्हणाले. "सरकारला सांगा, निंबा कामे चढ्या." एका साडीला काय मिळतं ते मी इथे लिहीत नाही. त्या दरात मंडळाच्या हॉलमधल्या समोशाचा एक कोपरा येईल.

आणि मग, वर्ष उलटल्यावर, तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. फेरतपासणीसाठी हजर व्हावं.

या वेळी मी त्यांना शिकवून नेलं. मला त्याची लाज वाटते, पण शिकवलं. इस्त्रीचा शर्ट घालू नका. भांग पाडू नका. कुणी आलं तर उठू नका. विचारलं तर म्हणा, नथी चालतुं. आप्पा ऐकून घेत होते. "दाढी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "सर, तेवढं राहू द्या. दाढी पायाला लागत नाही."

माझी सगळी शिकवणी फुकट गेली. कारण या वेळी डॉक्टर आत आल्या तेव्हा आप्पांनी सवयीने उठायचा प्रयत्न केला, टेबलाची कड धरली, मांडीवर हात दाबला, आणि त्यांना उठता आलं नाही. पुन्हा दाबला. पुन्हा नाही. मी खांद्याखाली हात घालायला गेलो तर त्यांच्या तोंडातून नेहमीचं "हात काढा"ही आलं नाही.

या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी वेळ दिला. कंबर पाहिली, खांदा पाहिला, पॅन्टचं ठिगळ बोटाने चाचपलं आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिल्या. या सगळ्या प्रकरणात मला भेटलेली ती एकच व्यक्ती, जिच्याविषयी मला वाईट लिहिता येत नाही.

टक्के पुन्हा रेघेच्या वर गेले. कागद बाहेर आणून देताना तोच, पहिल्या तपासणीचा कर्मचारी हसून म्हणाला, "अभिनंदन काका. आ वखते आवी गया."

या वेळी आलात, म्हणजे टक्क्यांत बसलात. आप्पांनी कागद नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला. "हो," मराठीतच म्हणाले, "वर्षभर मेहनत घेतली."

म्हणजे झालं असं. माणूस चालतो असं आधी लिहिलं. मग त्याला चालायला लावलं. चालून चालून त्याचं चालणं संपलं, तेव्हा तो चालत नाही हे मान्य केलं. शासनाने अखेर दखल घेतली ती ही. यात कुणी गुन्हेगार नाही, कुणाचा हेतू वाईट नव्हता, पंखाही वळवला गेला. आणि म्हणूनच मला या सगळ्याची शिसारी येते. वाईट हेतू असता तर निदान कुणीतरी आप्पांचा विचार केला होता असं म्हणता आलं असतं.

पेन्शन मंजूर झालं, पण जायला काम नव्हतं. रिक्षा बांधता आली असती, पण नेणार कुठे. शिवाय खांदा असा गेला होता की जमिनीवर बसून तासन्‌तास सांधणी करणं आता शक्य नव्हतं. त्या तपासणीनंतर आप्पा अठरा दिवस जगले. झोपेत गेले. डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं. मला त्या कागदाशीही वाद घालावासा वाटला, पण मी अर्ज लिहिणं सोडलं आहे.

त्या अठरा दिवसांत मी त्यांना रोज पाहत होतो. पण डोळ्यांपुढे येतात ते तपासणीच्या दिवशी परतताना. विमलवहिनी साड्या द्यायला गेल्या होत्या, आम्ही दोघंच होतो, आणि चालवत नाही म्हणून दवाखान्यातूनच रिक्षा केली होती. अर्ध्या वाटेवर आप्पा रिक्षावाल्याला म्हणाले, "भाई, सचिन थईने लई लो." सचिन आमच्या रस्त्यावर नाही. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

कारखान्यासमोर त्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली. उतरले नाहीत. शटर अर्ध्यावर होतं, आतून मागांचा आवाज येत होता. रिक्षावाल्याला म्हणाले, "मशीन बंद करो." त्याने केलं. आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, थकले असतील.

"अकराच चालताहेत," ते म्हणाले.

मला तो आवाज म्हणजे एकच मोठा खडखडाट होता. त्यात बारा की अकरा, मला कधीच सांगता आलं नसतं.

"एक उभा आहे. बीम संपला असेल. सांधतोय कुणीतरी."

आम्ही बसून राहिलो. उन्हाने रिक्षाचं छत तापलं होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रिक्षावाला खाली उतरून तंबाखू मळू लागला. आप्पांचे डोळे मिटलेलेच होते, आणि उजव्या हाताची चिमूट मांडीवर हलत होती. पीळ, गाठ, पुढचे दोन. पाऊण तास झाला असेल. एकदा मी विचारलं, पाणी हवं का. त्यांनी डाव्या हाताने गप्प राहायची खूण केली, जशी मी वर्गात करत असे.

आप्पांची चिमूट शेवटच्या गाठीवर थांबली, पण बारावा माग सुरू झाला नाही; आतला सांधणारा अजून जोडतच होता. आप्पांनी डोळे उघडले. खूप दिवसांत न दिसलेली ती जुनी, तुच्छतेची रेघ त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात उमटली होती, आणि त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसला.

"आजून जोडीच ऱ्हायना," ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला चल म्हणून हात केला.